जोखमीचे मोल

इ. स. १९०० च्या नोव्हेंबरात क्यूबा बेटावर, हवाना शहराजवळ, अमेरिकन लष्कराने एक लहानशी छावणी उभारली. पीतज्वराचा फैलाव डासांमुळे होतो, असे डॉ. कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत आले होते. त्याची कसोटी पाहण्याचे काम मेजर वॉल्टर रीड यांच्या मंडळाकडे होते. ही कसोटी माणसावरच घ्यावी लागणार होती. मंडळाचे डॉ. जेसी लझीअर सप्टेंबरात याच ज्वराने दगावले होते. छावणीला त्यांचेच नाव देण्यात आले.

स्पेनहून नुकत्याच आलेल्या मजुरांशी रीड यांनी लेखी करार केले. जिवाला धोका आहे, हे करारात स्पष्ट नमूद होते. मोबदला म्हणून सोन्याचे १०० डॉलर, ज्वर जडल्यास आणखी १००. मृत्यू आल्यास मजूर सांगेल त्या व्यक्तीस रक्कम मिळणार होती. छावणी सोडून गेल्यास मात्र साऱ्यावर पाणी. किसिंजर हा सैनिक आणि मोरन हा मुलकी कारकून, या दोघा अमेरिकनांनी पैसे नाकारले. डास दोघांनाही चावविण्यात आले, आणि दोघेही ज्वराने आजारी पडले.

त्या छावणीत एकही स्वयंसेवक मेला नाही. पण १९०१ च्या उन्हाळ्यात हवानातच झालेल्या पुढील प्रयोगांत तीन जण दगावले. क्लारा मास ही पंचवीस वर्षांची परिचारिका त्यांपैकी एक. धोका शाब्दिक नव्हता.

१९२९ साली अमेरिकन काँग्रेसने या प्रयोगांतील सहभागींना सुवर्णपदके व मासिक वेतन देणारा कायदा केला. त्या नामावलीत स्पॅनिश मजुरांची नावे नव्हती. ज्याने पैसे घेतले, त्याचे धैर्य जणू विकत घेतलेले ठरले! पण डास मजुराला चावतो तेव्हा त्याच्या खिशात काय आहे, हे पाहत नाही. गरिबाने आपल्या जोखमीचे दाम मागितले, म्हणून ती जोखीम हलकी होत नाही.

मग दोष कशात होता? माझ्या मते मोबदल्यात नव्हे. श्रम व वेळ यांचे दाम द्यावेच, आणि इजा झाल्यास भरपाईही द्यावी. दोष दोन गोष्टींत होता. माघार घेणाऱ्याचे सारे बुडणार असेल, तर एकदा दिलेली संमतीच बेडी ठरते. आणि आजारी पडल्यावरच मिळणारे दुसरे १०० डॉलर भरपाई म्हणून देता येतात, तसे आमिष म्हणूनही. रिकाम्या हातांनी परदेशी आलेल्या मजुराला हा फरक कसा दिसावा?

म्हणून किती रक्कम दिली, एवढेच विचारून भागणार नाही. ती हाती असताना त्या माणसाला 'नको' म्हणून उठून जाता येत होते काय, हे विचारले पाहिजे.