पार्श्वध्वनी, गोपनीयता आणि एकाग्रता : रांजणगावच्या नगारखान्यापासून आधुनिक कार्यालयापर्यंत एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
इतिहासाचे लेखन प्रामुख्याने लिखित व दृश्य साधनांच्या आधारे होते. ध्वनी उमटताच विरून जात असल्याने त्याच्या इतिहासाकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्यालयांतील भिंती जाऊन खुली दालने आली आणि शेजारच्या टेबलावरील बोलणे सर्वांच्या कानी पडू लागले. त्यावर उपाय म्हणून छतातील ध्वनिक्षेपकांतून मंद व एकसारखा ध्वनी सोडण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीस साउंड मास्किंग अर्थात ध्वनी-आच्छादन म्हणतात. असा पार्श्वध्वनी कोण ठरवतो आणि तो कोणाच्या हिताचा असतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात रांजणगावच्या संदर्भात केला आहे.

गोपनीयतेचा प्राचीन विचार :
'भिंतीलाही कान असतात' ही म्हण या प्रश्नाचे जुनेपण सांगते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात मसलतीच्या जागेचा विचार आला आहे. ती जागा बंदिस्त असावी, तेथील शब्द बाहेर जाऊ नयेत, पक्ष्यांनाही ती दिसू नये, असे तेथे सांगितले आहे. म्हणजेच गोपनीयता ही भिंत, अंतर व एकांत यांतून साधावयाची होती. ध्वनीने ध्वनी झाकण्याचा विचार तेथे नाही.

रांजणगावचा नगारखाना :
शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे महागणपतीचे स्थान अष्टविनायकांपैकी एक होय. मंदिराच्या प्रवेशद्वारावर नगारखाना आहे. त्याचे उद्घाटन ३ मे १८१८ रोजी मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी केले, अशी माहिती परंपरेने दिली जाते. येथे एक बाब लक्षात घ्यावी लागते. एल्फिन्स्टन गव्हर्नर झाले ते १८१९ मध्ये. १८१८ मध्ये ते नव्याने जिंकलेल्या दख्खनचे कमिशनर होते आणि दुसरा बाजीराव जून १८१८ पर्यंत शरण आलेला नव्हता. परंपरेने दिलेली तारीख ग्राह्य धरल्यास, राज्य बदलत असतानाच देवाच्या दारी वाद्ये वाजविण्याच्या जागेस नव्या सत्तेने हात लावला, असा त्याचा अर्थ होतो.

नौबत वाजविणे हा मध्ययुगीन भारतात सत्तेचा मान होता. 'आईन-इ-अकबरी'त नक्कारखान्यातील वाद्यांची व वादनाच्या वेळांची नोंद आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरही नगारखाना होता. चौघडा व सनई यांचा नाद प्रहर सांगे, उपासनेची वेळ सांगे आणि सत्ता कोणाची हेही सांगे. चौघड्याचा उपयोग खासगी बोलणे झाकण्यासाठी होत होता, असे मात्र म्हणता येत नाही. तो नाद सर्वांनी ऐकावा हाच त्याचा हेतू होता.

कारखाना व कार्यालय :
पुढे याच रांजणगावच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहत आली. व्हर्लपूल, एलजी, फियाट यांसारख्या कंपन्यांचे कारखाने येथे उभे राहिले. कारखानदारीने चौघड्याच्या जागी पाळीचा भोंगा आणला. कामावर संगीत ऐकविण्याचा प्रयोगही कारखान्यांतच रुजला. बीबीसीने जून १९४० मध्ये युद्धकालीन कामगारांसाठी असा खास कार्यक्रम सुरू केला होता आणि त्यामागे उत्पादनवाढीचा हेतू होता.

खुल्या कार्यालयाची कल्पना १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत पुढे आली. १९६२ मध्ये कॅव्हॅनॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ध्वनिशास्त्र-पत्रिकेत इमारतींतील संभाषण-गोपनीयतेविषयी महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. गोपनीयता केवळ भिंतीच्या जाडीवर अवलंबून नसते. पलीकडे पोहोचणारे बोलणे आणि तेथील पार्श्वध्वनी यांच्या प्रमाणावरही ती अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट झाले. आच्छादन-ध्वनी बोलणे पुसून टाकत नाही, तो त्यातील शब्द अस्पष्ट करतो. त्याची पातळी सामान्यतः ४० ते ४८ डेसिबलच्या दरम्यान ठेवली जाते. ती त्याहून वाढल्यास माणसे आवाज चढवून बोलू लागतात व मूळ हेतूच विफल होतो.

एकाग्रतेविषयीचे संशोधनही उद्बोधक आहे. कोल व वेल्श यांनी १९७६ मध्ये दाखविले की, न समजणाऱ्या भाषेतील बोलणेही स्मरणात अडथळा आणते. सालामे व बॅडले यांच्या १९८२ च्या प्रयोगांत बोलण्याने जेवढा अडथळा आला तेवढा एकसारख्या गोंगाटाने आला नाही. म्हणजे बाधा येते ती मुख्यतः आवाजातील चढउतारांमुळे. आच्छादन-ध्वनी एकाग्रता निर्माण करीत नाही. तो हे चढउतार बुजवून तिच्यातील विघ्न कमी करतो.

निष्कर्ष :
१) नगारा सर्वांना ऐकू यावा म्हणून वाजे आणि भोंगा पाळला जावा म्हणून. आच्छादन-ध्वनी मात्र कोणाच्या लक्षातही येऊ नये म्हणून योजला जातो. हा ध्वनीच्या सामाजिक कार्यातील मूलभूत बदल होय.

२) तिन्ही अवस्थांत ध्वनी ठरविण्याचा अधिकार ऐकणाऱ्याकडे नाही. म्हणून ज्यांनी दिवसभर तो ऐकावयाचा, त्यांची संमती घेणे आवश्यक ठरते.

३) हा उपाय भिंतीला पूरक आहे, पर्याय नव्हे. महाविद्यालयीन कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहून शुल्कमाफीसाठी घरची अडचण सांगणारा विद्यार्थी, किंवा परीक्षा विभागातील गोपनीय चर्चा, यांना बंद दाराची खोलीच हवी. कौटिल्याचा आग्रह या बाबतीत आजही ग्राह्य आहे.

४) मंदिरे, वाडे व कारखाने यांच्या स्थानिक इतिहासलेखनात तेथील ध्वनींचीही नोंद होणे गरजेचे आहे. रांजणगावसारख्या गावी चौघडा आणि भोंगा या दोहोंची स्मृती असणारी पिढी हयात असतानाच हे काम हाती घ्यावे लागेल.