तिची बंदूक कोणी निवडली? लेडीस्मिथपासून निर्भीकपर्यंत

ज्यांना लोकलमध्ये इअरफोन न लावता वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना माझे जे 'म्हणजे' आणि 'तर' होतात, त्यातले निम्मे काढलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधून आला. माझी मावसबहीण टेक्सासमध्ये नर्स आहे. एकटी राहते, नाईट शिफ्ट करते. एके दिवशी दुपारी, म्हणजे तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती तेव्हा, तिचा मेसेज आला: "अरे, मला एक पिस्तूल घ्यायचंय. पहिलंच. दुकानदार म्हणतो, लेडीजना छोटं आणि हलकं बरं. तू सगळ्या गोष्टी खणत बसतोस ना, मग हे पण खण."

आता माझा बंदुकीचा अनुभव किती? एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू-टू रायफलच्या पाच गोळ्या. त्यातली एक टार्गेटला लागली, ती पण शेजारच्याच्या. पण ताईचा प्रश्न डोक्यात राहिला. विशेषतः ते वाक्य, 'लेडीजना छोटं बरं'. हे कोणी ठरवलं? कधी ठरवलं? खणायला लागलो आणि थेट १८८७ सालात पोचलो.

आधी जाहिरात, मग बंदूक

१८८७ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने 'सेफ्टी हॅमरलेस' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. रिव्हॉल्व्हरच्या मागे जो घोडा असतो तो यात आत लपवलेला होता, त्यामुळे तो खिशात किंवा पर्समध्ये अडकायचा नाही. शिवाय मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी होती. मूठ घट्ट आवळून ती पट्टी दाबल्याशिवाय गोळीच सुटायची नाही. लोकांनी त्याला टोपणनाव दिलं, 'लेमन स्क्वीझर', म्हणजे आपलं लिंबू पिळायचं यंत्र. लहान मुलाच्या हातात पडलं तरी झाडलं जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता. इंजिनिअर म्हणून सांगतो, डिझाइन खरंच चांगलं होतं. ज्याने केलं त्याने वापरणाऱ्याचा विचार केला होता.

पण मग बाकीच्यांनी 'सुरक्षित' हा शब्द पकडला आणि तो विकायला सुरुवात केली. आयव्हर जॉन्सन नावाची कंपनी स्वस्त रिव्हॉल्व्हर बनवायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची त्यांची एक जाहिरात आजही इंटरनेटवर फिरत असते. चित्रात एक छोटी मुलगी झोपायच्या कपड्यांत पलंगावर बसलीये आणि तिच्या हातात रिव्हॉल्व्हर आहे. सांगायचं काय, तर आमचं रिव्हॉल्व्हर चुकून उडूच शकत नाही. मी ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी फोटोशॉप केलंय. नाही हो, खरी आहे. आणि याच कंपनीच्या पॉइंट ३२ च्या रिव्हॉल्व्हरने १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांची हत्या झाली होती. चुकून उडत नाही हे खरं, पण मुद्दाम झाडलं तर उडतंच की!

लेडीस्मिथ आणि एक खोटी गोष्ट

१९०२ मध्ये स्मिथ अँड वेसनने एक इवलंसं रिव्हॉल्व्हर आणलं. पॉइंट २२ ची गोळी, सात राउंड, तळहातात मावेल एवढं. हेच पुढे 'लेडीस्मिथ' म्हणून ओळखलं गेलं. १९२१ पर्यंत ते बनत होतं.

याबद्दल बंदूकप्रेमींमध्ये एक गोष्ट फार चवीने सांगितली जाते. म्हणे, हे रिव्हॉल्व्हर वेश्यांमध्ये लोकप्रिय झालं. हे कळल्यावर कंपनीचे मालक डॅनियल वेसन संतापले, कारण ते सोवळे गृहस्थ. आणि त्यांनी ते बंदच करून टाकलं. गोष्ट झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. डॅनियल वेसन १९०६ मध्ये वारले आणि रिव्हॉल्व्हर त्यानंतर पंधरा वर्षं बनत राहिलं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर लॉगमधली टाइमस्टॅम्प बघितली की अर्धे बग तिथेच सापडतात.

पण ही गोष्ट टिकली का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाईच्या हातात बंदूक दिसली की लोक लगेच विचारतात, ही चांगल्या घरची का तसली? पुरुषाच्या बंदुकीबद्दल असली गोष्ट मी तरी कधी ऐकली नाही.

त्याच काळात एक बाई याच्या अगदी उलट सांगत होती. अ‍ॅनी ओकली, जन्म १८६० चा, ओहायोची. गरिबीत वाढली, शिकार करून घर चालवलं आणि पुढे नेमबाज म्हणून जगभर गाजली. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटायची चिन्हं दिसताच तिने अध्यक्ष मॅकिन्लींना पत्र लिहिलं की माझ्याकडे पन्नास महिला नेमबाज तयार आहेत, हत्यारं आमची आम्ही आणू. सरकारने ते मनावर घेतलं नाही. उतारवयात ती नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टला बायकांना नेमबाजी शिकवायची. फरक बघा. कंपन्या म्हणत होत्या, 'हे घ्या, आता भीती गेली.' अ‍ॅनी म्हणत होती, 'या, शिका.'

ऑर्लँडोचा प्रयोग

आता थेट १९६६. फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात बलात्काराच्या घटना वाढल्या. बायका धडाधड बंदुका विकत घ्यायला लागल्या. पोलिसांना वाटलं, न शिकता घेण्यापेक्षा शिकून घेतलेल्या बऱ्या. म्हणून ऑक्टोबर १९६६ ते मार्च १९६७ त्यांनी वर्ग चालवले. अडीच हजारांहून जास्त बायका शिकल्या. पेपरांनी भरपूर प्रसिद्धी दिली. आणि १९६७ मध्ये शहरातलं बलात्काराचं नोंदलेलं प्रमाण जवळपास ८८ टक्क्यांनी घसरलं.

हा आकडा आजही प्रत्येक वादात येतो. मी पण पहिल्यांदा वाचला तेव्हा म्हटलं, विषय संपला. पण मग नंतरच्या संशोधकांनी काय केलं, तर फक्त दोन वर्षं न बघता आधीच्या बऱ्याच वर्षांचे आकडे मांडले. तेव्हा दिसलं की ऑर्लँडो त्या वेळी छोटं शहर होतं, वर्षाला मोजक्या घटना नोंदल्या जायच्या आणि असे मोठे चढउतार आधीही झाले होते. म्हणजे परिणाम झालाच नाही असं सिद्ध होत नाही, पण झालाच असंही म्हणता येत नाही. दहा युजरवर ए-बी टेस्ट करून 'कन्व्हर्जन दुप्पट झालं' म्हणणारे मॅनेजर तुम्हीही बघितले असतील. तसंच आहे हे.

पुन्हा लेडीस्मिथ, मग निर्भीक

१९८९ मध्ये स्मिथ अँड वेसनने लेडीस्मिथ हे नाव कपाटातून परत बाहेर काढलं. या वेळी पॉइंट ३८ ची गोळी, पाच राउंड आणि रोझवूडची सुंदर मूठ. मासिकांत जाहिराती आल्या. त्याच वर्षी पॅक्स्टन क्विग्ली या लेखिकेचं 'आर्म्ड अँड फीमेल' हे पुस्तकही आलं. बाई ही आता नवी बाजारपेठ होती.

आणि आपल्याकडे? दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने 'निर्भीक' आणलं. निर्भयाच्या नावावरून. पॉइंट ३२ चं, सहा राउंडचं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम. किंमत तेव्हा साधारण १ लाख २२ हजार रुपये. आणि द्यायचं कशात, तर मरून रंगाच्या दागिन्यांच्या पेटीत! अमेरिकेत रोझवूड, आपल्याकडे दागिन्यांची पेटी. शंभर वर्षांत बाईबद्दलची कल्पना फारशी हललेली नाही.

बरं, रोज बसने कामाला जाणाऱ्या मुलीने सव्वा लाख कुठून आणायचे? वर १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली लायसन्स लागतं, आणि आपल्याकडे ते सहज मिळत नाही. जाता जाता, पुणेकरांसाठी एक गोष्ट: पॉइंट ३२ च्या देशी काडतुसाच्या बुडाशी 'केएफ' अशी अक्षरं असतात. त्यातला 'के' म्हणजे आपली खडकी.

छोटं म्हणजे सोपं नाही

आता ताईच्या दुकानदाराकडे येऊ. 'लेडीजना छोटं, हलकं बरं.' अकरावीचं फिजिक्स आठवा. गोळी पुढे जाते, तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलं, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे तीच गोळी हलक्या बंदुकीतून झाडली की हात जास्त दुखतो. हात दुखला की माणूस सराव टाळतो. नळी आखूड असली की नेमही अवघड जातो. आणि छोट्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर बऱ्याचदा चांगलाच जड असतो. हलकी बंदूक बाळगायला सोपी आणि चालवायला अवघड असते. नवशिक्याला नेमकी तीच दिली जाते.

कंपन्यांना हे कळायला वेळ लागला. २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसनने 'शील्ड ईझी' नावाचं पिस्तूल आणलं, ज्याची वरची स्लाइड कमी जोरात मागे ओढता येते. ते फक्त बायकांसाठी म्हणून नव्हतं. ज्याच्या हातात ताकद कमी आहे त्या कोणासाठीही होतं. १८८७ नंतर पुन्हा कोणीतरी हाताकडे बघितलं.

चोर खिडकीतूनच येतो का?

शंभर वर्षांच्या जाहिरातींत एक गोष्ट कायम आहे. धोका म्हणजे अनोळखी माणूस. रात्र, खिडकी, सावली. पण आपल्या एनसीआरबीचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. कॅलिफोर्नियातल्या २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की बंदूकमालकासोबत एका घरात राहणाऱ्यांना जोडीदाराकडून गोळी घालून मारलं जाण्याचा धोका सातपट होता. त्या बळींपैकी ८४ टक्के बायका होत्या. ज्याच्याकडे घराची किल्ली आहे, तो जाहिरातीत नसतो.

आणि एक बोलायला जड गोष्ट. त्याच संशोधकांच्या २०२० च्या अभ्यासात, स्वतःची हँडगन असलेल्या बायकांमध्ये बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण, बंदूक नसलेल्या बायकांच्या ३५ पट निघालं. वाईट रात्र कोणाचीही येते. त्या रात्री हाताशी काय आहे, यावर बरंच काही ठरतं. तुमची तशी रात्र असेल तर भारतात १४४१६ वर टेली-मानसला फोन करा, अमेरिकेत ९८८ वर. खरंच करा.

मग ताईला काय सांगितलं?

फोनवर आम्ही तास-दीड तास बोललो. कायद्याचं आधी बघितलं. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून तिला घेता येतं. एच-वन-बी व्हिसावरच्या लोकांना अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार सर्वसाधारणपणे बंदूक बाळगताच येत नाही. ऐकणाऱ्यांपैकी तिकडे कोणी असेल तर हे नीट लक्षात ठेवा, मित्राच्या भरवशावर राहू नका.

मग मी विचारलं, "ताई, तुला नक्की भीती कुठे वाटते?"

ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, "हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये. सकाळी ड्युटी संपल्यावर नाही, संध्याकाळी अंधारात जाताना."

"आणि हॉस्पिटलमध्ये बंदूक नेता येते?"

"नाही."

"म्हणजे बारा तास ती गाडीत पडून राहणार. आणि गाडी कुठे असणार?"

"पार्किंगमध्ये," ती म्हणाली आणि हसली. थोडं वैतागूनच.

मी तिला घे किंवा घेऊ नको असं सांगितलं नाही. एकट्या बाईची भीती काय असते, ते मला पुण्यात बसून कळणार नाही. एवढंच म्हटलं, की कोणाच्या सल्ल्याने घेऊ नकोस, माझ्याही नाही. आधी रेंजवर जा, भाड्याने तीन-चार वेगवेगळी चालवून बघ, शिकवणारी बाई मिळाली तर उत्तम.

ती गेली. दुकानदाराने सुचवलेलं हलकं रिव्हॉल्व्हर पाच गोळ्यांतच खाली ठेवलं. अंगठ्याच्या मुळाशी लाल झालं होतं, फोटो पाठवला. मग एक मधल्या आकाराचं, जरा वजनदार ९ एमएमचं पिस्तूल चालवलं, आणि ते तिच्या हाताला बसलं. गोळ्या कागदावर एका जागी लागल्या. त्याचाही फोटो आला, आणि त्यात ती खूश दिसत होती.

विकत अजून घेतलेलं नाही. बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी आधी घेणार म्हणते. दर रविवारी रेंजवर जाते. आणि दरम्यान तिने सिक्युरिटीला फोन करून विचारलं, संध्याकाळी गाडीपासून दारापर्यंत कोणी सोबत येईल का? ते म्हणाले, हो, ही सोय आहेच, पण आजवर कोणी विचारलं नव्हतं. आता तिच्यासोबत आणखी तीन नर्स जातात.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. आणि तुमच्या घरी कोणा आजीकडे बंदुकीचं लायसन्स होतं का? असेल तर व्हॉइस नोट पाठवा, मला ऐकायचंय.