कोळशाची वाट, माणसांची वाट

भोंगा वाजतो आणि तुम्ही दचकून उठता. साल 1913. गाव ॲशिंग्टन, इंग्लंडच्या ईशान्येला, नॉर्थम्बरलँड परगण्यात. बाहेर काळोख आहे, तरी गल्लीत खिळेवाल्या बुटांचा खडखडाट सुरू झालाय. गिरणगावातल्या चाळींसारख्या विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी, आणि सगळ्या खाणकंपनीच्या मालकीच्या. मागच्या दारी कोळशाचा ढीग ओतलेला आहे. खाणकामगाराला मिळणारा हा घरपोच कोळसा आत भरून ठेवायचं काम मात्र बायकांचं.

तुम्हीही त्या गर्दीत सामील व्हा. हातात डब्याची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन खाणीत उतरणाऱ्या पिंजऱ्यात उभे राहा. पिंजरा सुटतो तेव्हा पोट गळ्याशी येतं. खाली उतरून बरंच चाललं की कोळशाचा थर लागतो. तिथे उभं राहता येत नाही. माणूस एका कुशीवर आडवा होऊन कुदळ चालवतोय. कोळशाचा टब भरला की तो आपल्या नंबरचा बिल्ला त्यात अडकवतो. त्याची मजुरी या बिल्ल्यावर ठरते.

टब वर आला की त्याचं वजन होतं. काट्याजवळ दोन माणसं बसलेली दिसतील. एक कंपनीचा, आणि दुसरा खाणकामगारांनी स्वतः निवडलेला. त्याचा पगारही कामगारच वर्गणीतून देतात. कंपनीच्या काट्यावर नजर ठेवायला आपला माणूस बसवायचा हक्क त्यांना 1860च्या कायद्याने मिळाला. मला ॲशिंग्टनमधली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच वाटते. घर कंपनीचं, खाण कंपनीची. वजनाच्या काट्याशी मात्र कामगाराचा स्वतःचा माणूस.

आता कोळशाच्या मागोमाग जा. वॅगनांची रांग दक्षिणेला निघते, वान्सबेक नदीवरचा पूल ओलांडते आणि ब्लाइथ बंदरात पोहोचते. तिथे पाण्यात शिरलेले उंच लाकडी धक्के आहेत. वॅगनचा तळ उघडतो, कोळसा घसरगुंडीवरून थेट जहाजाच्या पोटात कोसळतो आणि काळ्या धुळीने दोन हातांवरचंही दिसेनासं होतं. जहाज लंडनला जाईल किंवा बाल्टिक समुद्रातल्या एखाद्या बंदराला. या एका वर्षात ब्रिटनने 28 कोटी 70 लाख टन कोळसा काढला. तेवढा पुन्हा कधीच निघाला नाही.

इथल्या माणसाला मात्र फार लांब जावं लागत नाही. काम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शेजारच्या खाणीवर जायचं तर कंपनीची स्वतःची कामगारगाडी आहे. न्यूकॅसलची रेल्वे बाजारहाटासाठी, पाहुण्यांकडे जाण्यासाठी, शनिवारच्या फुटबॉलसाठी. कोळसा दूरवर जातो, माणूस गावात राहतो, अशी सगळी घडी बसलेली.

1916 साली क्षणभर थांबा. 13 ऑगस्ट, रविवार. शेजारच्या वुडहॉर्न खाणीत स्फोट होऊन 13 जण गेले. मग 1934ला या. दिवसभर खाली राबलेले काही पुरुष संध्याकाळच्या वर्गात रॉबर्ट लायन या शिक्षकाकडून चित्रकला समजून घेतायत आणि लवकरच स्वतः चित्रं काढू लागतायत: पिंजरा, घोडे, कबुतरं, जेवायची सुट्टी. हे आयुष्य बाहेरच्या कुणी रंगवण्याची त्यांनी वाट पाहिली नाही.

आता नोव्हेंबर 1964. तुम्ही ॲशिंग्टनच्या फलाटावर उभे आहात आणि शेवटची प्रवासी गाडी निघून जाते. आदल्या वर्षी रेल्वेचे प्रमुख बीचिंग यांचा अहवाल आलाय: तोट्यातले मार्ग बंद करा. तोटा मोजताना या गावाचं पुढे काय होणार हे कुणी मोजलं नाही, याचा मला आजही राग येतो. रूळ उखडले नाहीत, कारण कोळशाला ते हवेच होते. मालगाड्या चालू राहिल्या आणि माणसं बसथांब्यावर गेली. न्यूकॅसल जेमतेम 24 किलोमीटर, पण बसला तासाभराच्या घरात वेळ लागायचा. खाणी चालू होत्या तोवर हे निभावलं. 1966च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी घ्या. या गावचे बॉबी आणि जॅक चार्ल्टन इंग्लंडकडून मैदानात होते आणि त्यांचे वडील त्या संध्याकाळी खाणीत पाळीवर गेले होते.

पुढची वर्षं भरभर सरतात. 1981: वुडहॉर्न बंद. 1984-85: खाणकामगारांचा वर्षभराचा संप, सामुदायिक स्वयंपाकघरं आणि शेवटी पराभव. 1988: ॲशिंग्टनची खाण बंद. 2005: उत्तर समुद्राखाली मैलोन्‌मैल गेलेली एलिंग्टनची खाण बंद. 2012: लायनमथचा ॲल्युमिनियम कारखाना बंद. हातातलं काम गेलं, नवं काम न्यूकॅसलमध्ये, आणि दाराशी रूळ असून बसायला गाडी नाही. सतरा वर्षांची मुलगी कॉलेज निवडताना आधी बसचं वेळापत्रक पाहते. ज्याच्याकडे मोटार नाही तो पहाटेच्या पाळीची नोकरी घेऊच शकत नाही. खाण गेल्याची गोष्ट सगळे सांगतात. गाडी नसल्याने गेलेल्या नोकऱ्यांची कुणी नोंदही ठेवली नाही.

15 डिसेंबर 2024, रविवार. थंडी कडाक्याची, तरी नव्या फलाटावर म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, मोबाइल उंच धरलेली पोरं अशी गर्दी लोटलीय. साठ वर्षांनी प्रवासी गाडी सुटते. तुम्हीही चढा. गाडी वान्सबेक ओलांडते आणि पस्तीस मिनिटांच्या आसपास न्यूकॅसलला पोहोचते. शेजारचे आजोबा नातवाला खिडकीतून काहीतरी दाखवतायत. खाणीच्या जागी आता बिझनेस पार्क आहे, वुडहॉर्नला संग्रहालय आहे आणि खाणकामगारांची ती चित्रं तिथे टांगलेली आहेत.

पण नुसत्या गाडीने गावात काम येत नाही. जवळच कॅमसला बॅटऱ्यांचा मोठा कारखाना होणार होता. तो उभारणारी कंपनी जानेवारी 2023मध्ये कोसळली. सध्या तरी ही गाडी सकाळी माणसं बाहेर नेते आणि संध्याकाळी त्यांचा पगार गावात आणते. तेही थोडं नाही. आणि ती ॲशिंग्टनलाच थांबते. रूळ पुढे लायनमथपर्यंत जातात, पण त्यांवरून वीजकेंद्रासाठी लाकडाच्या गोळ्या भरलेल्या मालगाड्याच धावतात. 1964ला याच सेवेबरोबर गाडी गमावलेल्या किनाऱ्यावरच्या न्यूबिगिनचे लोक अजूनही बसनेच येतात.