व्हॅरम पर्सी: मेंढरांपायी उठलेलं गाव

उभी हयात जमीन मोजण्यात गेली, म्हणून असेल. यॉर्कशरच्या टेकड्यांमधल्या व्हॅरम पर्सीला गेलो तेव्हा छप्पर उडालेल्या चर्चआधी माझी नजर भोवतालच्या गवतावर गेली. भरदुपारी नुसतं कुरण. उन्हं कलली की गवताखालच्या उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि गावठाणाचा नकाशाच उमटतो: खोलगट वाट, कडेनं घरांच्या जागा, मागे लांबट परसू.

इंग्लंडात अशी बेचिराख गावं सुमारे ३,००० आहेत. मॉरिस बेरेसफोर्ड या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकानं १९५० मध्ये इथे खोदायला सुरुवात केली. लवकरच पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट सोबतीला आले आणि १९९० पर्यंत उन्हाळ्याउन्हाळ्याला स्वयंसेवक इथे राबत राहिले. अरुंद चर मारण्याऐवजी अख्ख्या घराची जागा एकदम उघडायची, ही पद्धत त्यांनी डेन्मार्ककडून घेतली. राजेरजवाड्यांचे वाडे सोडून कुळांच्या घरांसाठी एवढी वर्षं द्यावीत, याचं मला फार मोल वाटतं. दफनभूमीत सुमारे ७०० सांगाडे मिळाले. हाडांच्या रासायनिक तपासणीतून कळलं, की इथल्या आया मुलांना साधारण दीड वर्षं अंगावर पाजत.

चर्चची भिंत तर निरखून पाहावी अशी. वस्ती वाढली तेव्हा बाजूला सोपे जोडले गेले. ती घटली तेव्हा सोपे पाडून मधल्या कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या कमानी अजून स्पष्ट दिसतात.

अशी गावं प्लेगनं ओस पडली, असं सर्रास सांगितलं जातं. मला हे खटकतं, कारण त्यात कर्त्याचं नाव बुडतं. १३४८-४९ च्या साथीनं माणसं नेली हे खरं, पण व्हॅरम त्यातून तगलं. पुढे दीडशे वर्षं इथे चुली पेटत होत्या. मात्र माणसं घटल्यानं मजुरी चढली आणि लोकरीला भाव होता. नांगरटीला गावभर हात लागतात, कळपाला एक मेंढपाळ पुरतो. जमीनदारानं हिशेब केला. कुळांची जमीन स्वतःची नव्हतीच. राजाच्या हुकमानं १५१७ मध्ये उठवलेल्या गावांची चौकशी झाली, तिच्यात व्हॅरमची चार घरं आणि चार नांगर बंद पाडल्याची नोंद आहे. नांगर चालवणारी ती कुटुंबं कुठे गेली, हे लिहून घ्यायची गरज कुणालाच वाटली नाही.