भिंगारची टोपी, राणीचा गळपट्टा आणि क्रोशाचा नेकटाय

3 मार्च 1707. अहमदनगरजवळ, भिंगारच्या परिसरातील छावणीत औरंगजेबाने प्राण सोडला. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात दोन लहानशा रकमा येतात. स्वहस्ते शिवलेल्या टोप्यांचे 4 रुपये 2 आणे शिल्लक आहेत, ते कफनासाठी वापरावेत. कुराणाच्या नकला करून मिळालेले 305 रुपये फकिरांना वाटावेत. हा दस्तऐवज कितपत अस्सल, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. टोप्यांची कथा मात्र सर्वतोमुखी झाली.

चार रुपयांची शिलाई तीनशे वर्षे लक्षात राहिली, कारण शिवणारा बादशहा होता. हाताने केलेल्या कपड्याचा कर्ता असा क्वचितच सापडतो. क्रोशाच्या नेकटायचा इतिहास शोधू लागले की पहिली अडचण हीच येते.

पेशवाईच्या अस्तानंतर नगर इंग्रजांच्या ताब्यात आले आणि भिंगारला लागून लष्करी छावणी वसली. गळ्याभोवती कापड बांधण्याची युरोपीय रीत अशा छावण्यांमधूनच इथल्या लोकांच्या नजरेस पडली. त्या रीतीचा उगमही लष्करीच. सतराव्या शतकात फ्रान्सच्या चाकरीत असलेले क्रोएशियन सैनिक गळ्याला रुमाल बांधत. फ्रेंच दरबाराने तो उचलला आणि ‘क्रोएट’वरून ‘क्रव्हॅट’ हा शब्द रूढ झाला. आजचा तिरक्या कापडाचा, तीन तुकडे जोडून शिवलेला टाय मात्र बराच अलीकडचा. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने ती पद्धत 1920च्या दशकात रूढ केली. मराठीत थट्टेने त्याला ‘कंठलंगोट’ म्हणतात. शब्द टवाळीचा असला, तरी वर्णन चुकलेले नाही.

क्रोशाचे मूळ याहून गुंतागुंतीचे आहे. आकडी असलेल्या सुईने ताणलेल्या कापडावर साखळीटाका घालण्याची कला भारतात जुनी. कच्छचे मोची आरीने असेच भरतकाम करीत. अठराव्या शतकात हे काम युरोपात लोकप्रिय झाले. पुढे कुणीतरी खालचे कापडच काढून टाकले आणि नुसत्या दोऱ्याची जाळी विणली, असे अनेक अभ्यासक मानतात. क्रोशाच्या छापील नमुन्यांपैकी सर्वांत जुने 1823च्या सुमारास ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात आढळतात. म्हणजे ज्याला आपण ‘आजीचे काम’ म्हणतो, ते शिवाजी महाराजांच्या काळातल्या कुठल्याही आजीला ठाऊक नव्हते.

1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले आणि भीषण दुष्काळ पडला. जोगिणींच्या मठांनी आणि काही धर्मगुरूंच्या पत्नींनी गावोगावच्या स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली. त्या लेसवर कित्येक कुटुंबे तगली. श्रीमंतांच्या कॉलरवर ती लेस मिरवली. विणणाऱ्यांची नावे फारशी कुठे उतरली नाहीत.

त्याच सुमारास नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा चालू होत्या. सिंथिया फॅरार 1839 मध्ये मुंबईहून नगरला आल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुले यांनी पुण्यात शाळा काढण्यापूर्वी फॅरारबाईंच्या शाळा पाहिल्या होत्या. त्या काळच्या मिशन शाळांत मुलींना अक्षरांबरोबर सुईही दिली जाई. पुढे क्रोशा मराठी घरांत इतका रुळला की त्याचा परकेपणा उरलाच नाही. दाराचे तोरण, बाळाचे टोपरे, पोलक्याच्या बाहीची लेस, रेडिओवरचा रुमाल. टाक्यांनाही मराठी नावे मिळाली: साखळी, खांब, मुका खांब.

इतके झपाट्याने रुळण्यामागे एक साधे तांत्रिक कारणही आहे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर जिवंत असतात. सुई निसटली की काम उसवते. क्रोशात एका वेळी बहुधा एकच फास उघडा असतो. मूल रडले, दूध उतू चालले, तर सुई खाली ठेवून उठता येते.

आता 1900 साल. दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध पेटले होते. ऐंशी ओलांडलेल्या व्हिक्टोरिया राणीने खाकी लोकरीचे आठ गळपट्टे क्रोशाने विणले आणि ते निवडक शूर सैनिकांना देण्यात आले. त्यांवर तिची व्ही. आर. आय. ही आद्याक्षरे होती. शेवटचे अक्षर ‘सम्राज्ञी’चे, आणि ते पद तिला 1876च्या कायद्याने हिंदुस्थानच्या नावावर मिळालेले. यांतला एक गळपट्टा आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे.

त्याच युद्धात पकडलेले बोअर कैदी 1901 मध्ये नगरला आणले गेले. इकडे ते तारेच्या कुंपणाआड दिवस मोजत असता, तिकडे इंग्रजांच्या छळछावण्यांत त्यांच्यापैकी अनेकांची बायकामुले होती. त्या छावण्यांत 26,000हून अधिक बोअर स्त्रिया व मुले मरण पावली. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो दगावले. ही स्थिती उघडकीला आणणाऱ्या एमिली हॉबहाउस यांनी युद्धानंतर 1905 मध्ये फिलिपोलिस येथे बोअर मुलींसाठी सूतकताई-विणकामाची शाळा काढली. पुढे कोपीस येथे लेसचीही शाळा निघाली. आठ गळपट्ट्यांचा हिशेब ठेवणाऱ्या इतिहासाने या मुलींनी विणलेल्या लेसचा असा हिशेब ठेवलेला नाही.

क्रोशाचा नेकटाय फॅशनमध्ये आला तो यानंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. स्त्रियांच्या हस्तकलेच्या पुस्तिकांत रेशमी दोऱ्याच्या टायचे नमुने येऊ लागले. दुकानांतले विणलेले टाय मात्र बहुतेक यंत्रावरचे. विणकामाचे यंत्र विल्यम लीने 1589 मध्येच बनवले होते. खरा क्रोशा आजही हातानेच होतो. म्हणून जुना क्रोशाचा टाय कुठल्याही ट्रंकेत सापडो, तो कुणीतरी बसून विणला होता एवढे निश्चित.

नवशिक्याला तो सोपा का, हे रचनेवरून कळते. टाय म्हणजे एक लांब पट्टी. बारीक सुती दोरा आणि दोन मिलिमीटरच्या आसपासची सुई घ्यावी. खालची रुंदी साधारण 5 सेंटिमीटर भरेल इतक्या साखळ्या घालाव्यात, एक साखळी जास्त घालून वळावे आणि पुढे ओळीमागून ओळ मुके खांब. उंच खांब घातले तर पट्टी सैल पडून लोंबते. मुका खांब घट्ट राहतो. मानेजवळ येताना मोजून टाके कमी करत रुंदी 3 सेंटिमीटरपर्यंत आणावी, म्हणजे कॉलरखाली फुगवटा येत नाही. एकूण लांबी 140 ते 145 सेंटिमीटर. ओळीतला शेवटचा टाका नजरेतून सुटणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. कडा तिरपी होते आणि वीतभर विणून झाल्यावर ते ध्यानात येते. तेव्हा उसवावेच लागते. उसवणे मात्र अगदी सोपे, दोरा ओढला की झाले. तयार टाय टांगून ठेवू नये, स्वतःच्या वजनाने लांबतो, गुंडाळून ठेवावा.

शेवटी दोरा वीतभर ठेवून कापतात, उरलेल्या एका फासातून ओढून घेतात आणि ते टोक जाड सुईने उलट्या बाजूच्या टाक्यांत दडवतात. काम कुठे संपले, हे दिसू न देण्याची रीत आहे.