मुदपाकखान्यातील राजपुत्र आणि डुकरे राखणारा मुलगा : मध्ययुगीन अद्भुत साहसकथांतील बालनायकांच्या हालअपेष्टा

प्रस्तावना

युरोपीय मध्ययुगाची पार्श्वभूमी घेऊन लिहिलेल्या अद्भुत साहसकथा विसाव्या शतकात जगभर वाचल्या गेल्या. किल्ले, अरण्ये, तलवारी, जादूगार आणि त्यांच्या मधोमध एक पोरका किंवा पोरका समजला जाणारा मुलगा, ही त्यांची सर्वपरिचित मांडणी आहे. हा मुलगा उपाशी राहतो, हलकी कामे करतो, थोरामोठ्यांची बोलणी खातो आणि अखेरीस राजा किंवा वीर ठरतो. अशा कथांकडे इतिहासाचा अभ्यासक सहसा वळत नाही. बालवाङ्मय म्हणून त्या बाजूला ठेवल्या जातात. परंतु एखादा समाज आपल्या मुलांना कोणत्या प्रकारचे कष्ट सोसायला लावून नायक बनवितो, यावरून त्या समाजाच्या सत्ताविषयक कल्पना कळू शकतात.

प्रस्तुत लेखात या कथाबंधाच्या चार रूपांचा विचार केला आहे. त्यांपैकी दोन अस्सल मध्ययुगीन आहेत, तर दोन विसाव्या शतकातील आहेत. त्यांच्यामध्ये एका ऐतिहासिक मुलाचे चरित्र तुलनेसाठी घेतले आहे. मध्ययुगीन कथेत नायकाचे कष्ट हा त्याचे राजरक्त झाकणारा पडदा असतो. विसाव्या शतकात हा पडदा फाटतो आणि कष्ट हेच नायकाचे शिक्षण ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मुदपाकखान्यातील राजपुत्र

तेराव्या शतकाच्या अखेरीस मध्यकालीन इंग्रजीत रचलेले सुमारे तीन हजार ओळींचे ‘हॅवलॉक द डेन’ हे काव्य या दृष्टीने फार मोलाचे आहे. (१८५७ च्या इतिहासातील सेनापती हॅवलॉक याच्याशी या नायकाचा संबंध नाही.) डेन्मार्कचा राजा मृत्युसमयी आपली मुले गॉडार्ड नावाच्या सरदाराच्या हाती सोपवितो. गॉडार्ड दोन्ही लहान मुलींना त्यांच्या भावाच्या डोळ्यांदेखत ठार मारतो आणि त्या भावाला, म्हणजे हॅवलॉकला, समुद्रात बुडविण्यासाठी ग्रिम या कोळ्याच्या स्वाधीन करतो. रात्री झोपलेल्या मुलाच्या मुखातून प्रकाश बाहेर पडताना ग्रिमला दिसतो. त्याच्या खांद्यावर राजचिन्हही आढळते. तेव्हा ग्रिम आपले कुटुंब आणि हा मुलगा यांना घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर पळून जातो. तो जेथे उतरला ते गाव ग्रिम्सबी, अशी आख्यायिका आहे. या गावाच्या जुन्या मुद्रेवर ग्रिम, हॅवलॉक आणि राजकन्या गोल्डबरो या तिघांच्या आकृती कोरलेल्या आहेत, यावरून ही कथा स्थानिक जनमानसात किती रुजली होती याची कल्पना येते.

यापुढील भाग विशेष लक्षणीय आहे. हॅवलॉकला भूक फार. आपण कोळ्याच्या घरचे सारे अन्न फस्त करतो याची त्या मुलाला लाज वाटते आणि तो मासळीच्या टोपल्या वाहू लागतो. पुढे महागाई येते, खायला मिळेनासे होते. तेव्हा ग्रिम जहाजाच्या शिडाचे कापड कापून त्याला अंगरखा करून देतो आणि तो अनवाणी लिंकन शहराची वाट धरतो. दोन दिवस उपाशी राहिल्यावर एका सरदाराचा आचारी बर्ट्रम हमालांना हाक मारतो. हॅवलॉक इतरांना ढकलून पुढे जातो आणि मासळीचा भार उचलतो. त्यानंतर पाणी भरणे, लाकडे आणणे, चूल पेटविणे ही कामे तो मुदपाकखान्यात करू लागतो.

दुष्काळात माणूस काय करतो, मजुरीसाठी कशी रेटारेटी होते, याचे इतके नेमके वर्णन दरबारी काव्यात क्वचितच सापडते. हे काव्य रचले गेल्यानंतर थोड्याच वर्षांनी, १३१५ ते १३१७ या काळात, उत्तर युरोपात मोठा दुष्काळ पडला. मात्र त्याआधीही महागाईची वर्षे अधूनमधून येत असत. कवीला आणि श्रोत्यांना ती अनुभवाने ठाऊक असावीत.

तरीही या काव्याचा न्याय मुलाच्या श्रमावर उभा नाही. गोल्डबरो ही इंग्लंडच्या सिंहासनाची वारस. तिचा पालक गॉडरिच राज्य बळकाविण्याच्या हेतूने तिचे लग्न या हमालाशी जबरदस्तीने लावून देतो. आपला अपमान झाला म्हणून ती रडत असते, तेव्हा तिला तोच प्रकाश आणि तेच राजचिन्ह दिसते. तेथून कथेचा प्रवाह बदलतो. हॅवलॉक राजा होतो, कारण तो राजाचा मुलगा होता. वाहिलेल्या टोपल्यांमुळे त्याला राज्य मिळालेले नाही. आपल्याकडील वाचकाला येथे विराटाच्या पाकशाळेत बल्लव म्हणून राहिलेला भीम आठवेल. अज्ञातवासातले कष्ट मुदतीचे असतात आणि ओळख पटताच ते संपतात, ही समजूत दोन्हीकडे समान आहे. हॅवलॉकच्या कवीला एवढे श्रेय मात्र द्यावयास हवे की, त्याचा नायक जुने दिवस विसरत नाही. राजा झाल्यावर तो बर्ट्रम आचाऱ्याला कॉर्नवॉलची सरदारकी देतो आणि ग्रिमच्या मुलीशी त्याचे लग्न लावून देतो.

सर थॉमस मॅलरीने १४६९-७० च्या सुमारास पूर्ण केलेल्या आणि विल्यम कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलेल्या आर्थर राजाच्या कथासंग्रहात हाच बंध पुन्हा येतो. गॅरेथ हा तरुण राजदरबारी येऊन वर्षभराचे अन्न मागतो. मुदपाकखान्यात राहतो, के या कारभाऱ्याची टिंगल सोसतो आणि पुढे मोहिमेवर निघाल्यावर ज्या स्त्रीसाठी तो लढतो तीच त्याच्या अंगाला स्वयंपाकघराचा वास येतो म्हणून त्याला हिणवते. पण हा गॅरेथ ऑर्कनीच्या राजाचा पुत्र आहे आणि मुदपाकखाना त्याने स्वतःहून पत्करलेला आहे. हॅवलॉकची भूक खरी होती. गॅरेथच्या बाबतीत ती वेष पालटण्यासारखी झाली आहे.

ओलीस ठेवलेला मुलगा

कथेतील या मुलांशेजारी इतिहासातील एक मुलगा ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल. विल्यम मार्शल याचा जन्म ११४६-४७ च्या सुमारास एका मध्यम दर्जाच्या सरदार घराण्यात झाला. त्या वेळी इंग्लंडमध्ये स्टीफन राजा आणि सम्राज्ञी मॅटिल्डा यांच्यात यादवी चालू होती. ११५२ मध्ये न्यूबरीच्या वेढ्याच्या वेळी त्याच्या बापाने तहाची हमी म्हणून पाच-सहा वर्षांच्या विल्यमला राजाकडे ओलीस दिले आणि मग तह मोडला. मुलाला फाशी देण्याची धमकी आली तेव्हा, याहून चांगले पुत्र घडविण्याची हातोडी व ऐरण माझ्यापाशी आहे, अशा आशयाचे उत्तर बापाने पाठविले. मार्शलच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत रचलेल्या त्याच्या पद्यचरित्रात हा प्रसंग आला आहे. राजाला मुलाची दया आली आणि दोघे तंबूत गवताच्या दांड्यांचे शिपाई करून खेळत बसले, असेही तेथे सांगितले आहे. पद्यचरित्र हे स्तुतिपर असते, म्हणून त्यातील तपशील पारखूनच घ्यावा लागतो. पण बापाचे असले उत्तर त्याच्याच घराण्याने पदरी ठेवलेल्या कवीने मुद्दाम रचले असेल, असे वाटत नाही.

पुढे विल्यमला नॉर्मंडीत टँकरव्हिलच्या सरदाराकडे शस्त्रविद्या शिकण्यासाठी पाठविण्यात आले. सरदारांच्या मुलांना परक्या घरी वाढविण्याची त्या काळी सर्रास पद्धत होती. तेथे त्याला खादाड या अर्थाचे टोपणनाव पडले. धाकट्या मुलाला वडिलार्जित जमीन मिळण्याची आशा फारशी नसे. शूर सरदार म्हणून दीक्षा मिळाल्यावर पहिल्याच लढाईत त्याचा घोडा मेला आणि दुसरे जनावर घेण्यासाठी त्याला दीक्षाविधीत मिळालेला झगा विकावा लागला. फ्रेंच इतिहासकार जॉर्ज द्युबी यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा भूमिहीन, अविवाहित, भटक्या तरुण सरदारांचा वर्ग साहसकथांच्या मुळाशी असल्याचे दाखविले आहे. द्युबींचे हे प्रतिपादन मान्य केल्यास, मध्ययुगीन साहसकथा ही वारसाहक्क नसलेल्या मुलांच्या आकांक्षांची कथा ठरते. तिच्या शेवटी नायकाला नेमके तेच मिळते, जे धाकट्या मुलाला घरी मिळत नव्हते : जमीन आणि वारस स्त्रीशी विवाह. मार्शललाही हे दोन्ही मिळाले. १२१९ मध्ये मृत्यू आला तेव्हा तो बालराजाचा कारभारी म्हणून इंग्लंडचे राज्य सांभाळून नुकताच निवृत्त झालेला होता.

शेतकऱ्याच्या मुलाला मात्र या वाङ्मयात जवळजवळ जागा नाही. अमेरिकन इतिहासकार बार्बरा हॅनवॉल्ट यांनी अपघाती मृत्यूंच्या सरकारी चौकशीच्या नोंदींतून या मुलांचा शोध घेतला. चुलीजवळ भाजलेली, विहिरीत वा डबक्यात पडलेली मुले तेथे सापडतात. त्यांच्या हालअपेष्टांचे काव्य कोणी रचले नाही.

मुंबईत जन्मलेला लेखक

टी. एच. व्हाइट या इंग्रज लेखकाचा जन्म १९०६ मध्ये मुंबईत झाला. त्याचे वडील येथील पोलीस खात्यात अधिकारी होते. आईवडिलांचे पटत नसल्याने त्याचे बालपण फारसे सुखाचे गेले नाही. केंब्रिजला असताना त्याने मॅलरीवर प्रबंध लिहिला आणि १९३८ मध्ये ‘द सोर्ड इन द स्टोन’ ही आर्थर राजाच्या बालपणाची कादंबरी प्रसिद्ध केली. त्यातील वॉर्ट हा अनाथ मुलगा सर एक्टरच्या गढीत वाढतो. बाप कोण हे ठाऊक नसल्याने तो सरदार होणार नाही, फार तर आपल्या दूधभावाचा सेवक होईल, हे त्याला लहानपणापासून माहीत असते.

वॉर्टला शिकविण्यासाठी मर्लिन हा जादूगार त्याला मासा, पक्षी अशी रूपे देतो. माशांच्या जगात तो बळाची सत्ता पाहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हाइट आयर्लंडमध्ये राहिला आणि तेथे त्याने मुंग्यांचे व हंसांचे प्रसंग लिहिले. मुंग्यांच्या वारुळात विचाराला जागा नाही, सर्व काही हुकमावर चालते. उलट हंसांना आकाशात सीमारेषा माहीत नसतात. ते प्रसंग ज्या पुस्तकासाठी लिहिले होते ते व्हाइटच्या मृत्यूनंतर १९७७ मध्येच बाहेर आले. परंतु १९५८ च्या ‘द वन्स अँड फ्यूचर किंग’ या एकत्रित ग्रंथात हे प्रसंग वॉर्टच्या बालपणात घालण्यात आले. मुंग्यांचे वारूळ हे तत्कालीन हुकूमशाहीचे चित्र आहे, हे उघड आहे. म्हणजेच वॉर्टचे शिक्षण बाराव्या शतकाचे नसून लेखकाच्या स्वतःच्या काळातील आहे.

तरीही शेवटी तलवार दगडातून निघते ती राजपुत्राच्याच हातून. व्हाइट रक्ताचा दावा सोडत नाही, किंबहुना आर्थरची कथा हाती घेतल्यावर तो सोडताही येत नव्हता. माझ्या मते, त्याच्या ग्रंथातील खरा नवा बालनायक शेवटच्या पानांत येतो. लढाईच्या आदल्या रात्री म्हातारा आर्थर टॉम नावाच्या पोराला लढू नकोस, घरी जा आणि ही कथा सांग, अशी आज्ञा करतो. हा टॉम म्हणजे मॅलरीच, हे जाणत्या वाचकाच्या लक्षात येते. पोराने लढाईतून माघारी जाणे हे शौर्य ठरविणारा प्रसंग मध्ययुगीन कवीला सुचला असता असे वाटत नाही.

डुकरे राखणारा

व्हाइट १९६४ मध्ये मरण पावला. त्याच वर्षी अमेरिकेत लॉइड अलेक्झांडर याच्या प्रिडेन मालिकेतील पहिले पुस्तक निघाले. अलेक्झांडर दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता आणि प्रशिक्षणासाठी वेल्समध्ये राहिला होता. तेथील जुन्या कथा पुढे त्याने आधार म्हणून घेतल्या. त्याचा नायक टॅरन हा डुकरे राखणाऱ्याचा मदतनीस आहे. यात गंमत अशी की, जुन्या वेल्श परंपरेत तीन बलाढ्य डुकरे राखणाऱ्यांचा उल्लेख आहे आणि त्यांतील कॉल हे नाव अलेक्झांडरने टॅरनच्या वडीलधाऱ्या सोबत्याला दिले आहे.

१९६७ च्या ‘टॅरन वाँडरर’ या चौथ्या पुस्तकात टॅरन आपले आईबाप शोधायला निघतो. आपण कुलीन असावे, अशी त्याची मनोमन इच्छा आहे. एक पांगळा मेंढपाळ आपण त्याचा बाप असल्याचे सांगतो, तेव्हा टॅरनला आनंद होत नाही, उलट संताप येतो. तो त्या उजाड शेतावर राबतो, आणि नंतर ते बोलणे खोटे असल्याचे कळते. त्यानंतर तो लोहार, विणकर आणि कुंभार यांच्या हाताखाली काम शिकतो. कुंभारकामात त्याचे मन रमते, पण हात तितका बसत नाही. हॅवलॉकची हमाली कथेत टप्प्यासारखी येऊन जाते. येथे मात्र प्रत्येक कामाला स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातले अपयशही नोंदलेले आहे.

१९६८ च्या ‘द हाय किंग’ या शेवटच्या पुस्तकाला पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक मिळाले. त्यात टॅरनला सुखाच्या देशी जाण्याची संधी येते आणि तो ती नाकारतो. एका मृत राजाची अर्धवट राहिलेली समुद्रभिंत पुरी करण्याचे आणि उजाड शेते पुन्हा पिकविण्याचे वचन त्याने दिलेले असते. त्यानंतरच म्हातारा डॅलबेन त्याला खरी हकीकत सांगतो : एका रणांगणाच्या कडेला झाडीत तो तान्हा सापडला होता आणि मृतांमध्ये कुलीन व सामान्य असे दोन्ही प्रकारचे लोक पडलेले होते. त्याचे रक्त कोणते, हे कोणालाच माहीत नाही. खांद्यावर चिन्ह नाही, मुखातून प्रकाशही निघत नाही.

ही गोष्ट ज्या मध्ययुगीन वेल्सची पार्श्वभूमी घेते, तेथे ती घडू शकली नसती. हायवेल डा या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कायद्यात गादीचा वारस राजाच्याच आप्तांतून निवडला जाई. खुनाची भरपाईदेखील नातेगोते मोजून ठरत असे. सोयरे नसलेल्या टॅरनचा कोणी खून केला असता, तर त्याची भरपाई मागायलाही कोणी उभे राहिले नसते.