वारंवारता जुळली, फेजचं काय?

दोन सिग्नल जनरेटर 10 मेगाहर्ट्झच्या रेफरन्स केबलने जोडले की लॅबमध्ये बरेच जण निर्धास्त होतात. सिंक झालं! खरं तर जुळलेली असते फक्त वारंवारता. आमच्या शहागंजच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाने टोला दिला असं समजा. खाली उभा असलेला तो लगेच ऐकेल, एक किलोमीटरवरचा सुमारे तीन सेकंदांनी. दोघांनी त्या टोल्यावर आपापली घड्याळं लावली, तर ती एकाच वेगाने चालतील, पण अंतर तेवढंच राहील. हे अंतर म्हणजे फेजचा फरक.

तारेतही हेच होतं. फायबरमध्ये सिग्नलला एक मीटर जायला साधारण 5 नॅनोसेकंद लागतात. म्हणजे 1 गिगाहर्ट्झला 20 सेंटिमीटर फायबर म्हणजे पूर्ण एक आवर्तन. त्यात तापमान बदललं की ही वाटही बदलते.

या वाटेचं माप घेण्याची एक सुंदर युक्ती गोविंद स्वरूप यांच्या नावावर आहे. स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांच्याकडे पीएचडी करताना त्यांच्यापुढे 32 डिशांचा अ‍ॅरे होता. तिथे जनरेटर अनेक नव्हते, वाटा अनेक होत्या. गणित मात्र तेच. स्वरूप आणि यांग यांनी 1961 मध्ये पद्धत मांडली: केंद्रातून सिग्नल पाठवा, अँटेनापाशी त्याचं परावर्तन झपाट्याने चालू-बंद करा आणि परत येणाऱ्या सिग्नलमधला फक्त तो लुकलुकणारा भाग वेगळा काढून त्याची फेज मोजा. मधल्या जोडांवरून परतणारं बाकीचं सगळं लुकलुकत नाही, म्हणून आपोआप गळतं. जाऊन-येऊन मिळालेली फेज निम्मी केली की एकेरी वाटेची मिळते. इथे जपून: निम्मं करताना 180 अंशांची संदिग्धता उरते, ती वेगळी सोडवावी लागते.

स्वरूप 1963 मध्ये टीआयएफआरला आले. 1965 मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियाहून आलेल्या 32 छोट्या डिशांनी सूर्याची निरीक्षणं सुरू झाली. नारायणगावजवळच्या खोडदला उभी राहिलेली जीएमआरटी मात्र वेगळ्याच आकाराची: 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात. आता प्रत्येक डिशपाशी स्वतःचे ऑसिलेटर होते. त्यांना केंद्रातून फायबरवर रेफरन्स जायचा आणि ते त्याला फेज-लॉक व्हायचे. पुढच्या सुधारणेत आकाशातला सिग्नलच फायबरवरून केंद्रात आणला आणि वारंवारता बदलण्याचं काम तिथे गेलं. मला हा निर्णय फार आवडतो. दूरदूरचे जनरेटर जुळवत बसण्यापेक्षा ते तिथून काढूनच टाकले!

तरी फायबर आणि वातावरण उरतंच. त्यासाठी दुर्बीण अधूनमधून आकाशातल्या एखाद्या माहीत असलेल्या बिंदुस्रोताकडे वळवतात. 30 अँटेनांच्या 435 जोड्या होतात आणि शोधायच्या फेज फक्त 29, कारण एक अँटेना शून्य धरायची. समीकरणं भरपूर, अज्ञातं थोडी. लॅबमध्येही हेच करून पाहा: जनरेटरच्या पडद्यावर दिसणाऱ्या फेजवर विसंबू नका, केबलच्या टोकाशी मोजा, आणि तासाभराने पुन्हा मोजा.